अमोलच्या विमानाचं अर्थिंग

बाळापूर रोड, अकोला
१४ जुलै २०२५

चि. किशोर यास,
देवमनचे अनेक आशीर्वाद. वि. वि.

तुझ्या गुडघ्याचं ऑपरेशन नीट पार पडलं हे आशाच्या निरोपावरून कळलं. आता डॉक्टर सांगतील तेवढंच चाल. अमरावतीत सगळीकडे आपल्याशिवाय अडतं, असं तुला उगाच वाटत असतं. फोनवर मला आता काहीच समजत नाही. कानात यंत्र घातलं की नुसती शिट्टी वाजते. म्हणून आपल्या जुन्या सवयीनं हे पत्र.

अमोलच्या विमानाची तपासणी झाली. पोरगा दिवाळीच्या तोंडावर गेला, तेव्हापासून घरामागच्या शेडात ते ताडपत्रीखाली झाकूनच होतं. त्याचा मित्र कुलदीप विमान चालवायला शिकवतो, हे तुला माहीत आहे. त्यानंच धावपळ करून परवानगीचं काम पुढं सरकवलं. अमोलनं नोकरी सांभाळून, लग्नाचा विषय टाळून, बारा-तेरा वर्षं ते दोन माणसांचं विमान बांधलं. ते एकदा तरी वर जावं, एवढंच त्याचं मागणं होतं.

मुंबईचे साहेब आले, इंजिन पहिल्या झटक्यात लागलं. सुभद्रा शेडाच्या दारात पदर तोंडाला लावून उभी होती. मग साहेबांनी दिवे आणि रेडिओ लावायला सांगितलं. त्याबरोबर समोरच्या फळीवरच्या तेल-वीज दाखवणाऱ्या सगळ्या घड्याळांचे काटे थरथरायला लागले आणि रेडिओ बंद पडला. दिवे बंद केले की सगळं ठीक, लावले की पुन्हा तेच. साहेबांनी कागदावर शेरा मारला की बांधणाऱ्याचं वायरिंगचं काम कच्चं आहे. कुलदीप मला तो कागद दाखवत नव्हता. मी त्याच्या हातातून घेऊन वाचला.

किशोर, पोरगा गेला ते मी गिळलं. पण ज्या कामात त्यानं आपली उमर घातली, त्याला कुणी कच्चं म्हणावं, हे मला गिळवत नाही. साहेब दसऱ्याआधी पुन्हा येणार आहेत. तोवर दोष सापडला नाही तर तो शेरा कायम राहील आणि विमान जमिनीवरच राहील. तू जन्मभर पॉलिटेक्निकात वीज शिकवलीस. काय करायचं ते लिहून कळव. हात माझे आहेत, डोळे अजून शाबूत आहेत.

सुभद्रा जेवते म्हणायला जेवते. आशाला व मुलांना आशीर्वाद.

तुझा,
देवमन

*

रुक्मिणीनगर, अमरावती
१९ जुलै २०२५

ती. भाऊंचे चरणी,
किशोरचा शि. सा. न. वि. वि.

पत्र मिळालं. वाचून आशा आत निघून गेली. अमोल दर रविवारी फोन करायचा. ही वायर इथून नेऊ की तिथून, यावर आम्ही काका-पुतणे भांडायचो, आणि शेवटी तो आपल्याच मनाचं करायचा. अजूनही रविवारी सकाळी माझा हात फोनकडे जातो.

आता कामाचं. तुम्ही लहानपणी बाबांचा रेडिओ खोलून परत जोडला होता आणि वर मूठभर स्क्रू उरवले होते, हे मी विसरलेलो नाही. तेव्हा या वेळी काढलेली प्रत्येक वस्तू काढल्या क्रमानं वाटीत ठेवायची.

सगळे काटे एकाच वेळी थरथरतात, म्हणजे दोष एखाद्या दिव्याच्या वायरीत नाही. वीज बॅटरीतून निघते तशी तिला बॅटरीत परतही यावं लागतं. जायच्या वाटा वेगवेगळ्या असतात, पण परत यायची वाट सगळ्यांची एकच. तिलाच आपण अर्थिंग म्हणतो. इंजिनामागे जो उभा पत्रा आहे, त्यावर एका बोल्टाला सगळ्या परतीच्या वायरी येऊन मिळतात आणि तिथून एक जाड पट्टी बॅटरीच्या निगेटिव्हला जाते. ही वाट कुठं अडली असेल तर दिवे लावताच सगळ्यांचेच हाल होणार.

कुलदीपला सोबत घ्या. इंजिन बंद ठेवून दिवे आणि रेडिओ लावा. अमोलच्या मीटरचं एक टोक बॅटरीच्या निगेटिव्हवर आणि दुसरं त्या बोल्टावरच्या वायरींच्या टोकाला धरा. मीटरनं जवळजवळ शून्य दाखवायला हवं. जास्त दाखवलं तर बॅटरी सोडवून मगच तो बोल्ट खोला आणि खाली काय दिसतं ते जसंच्या तसं लिहा.

गुडघा वाकत असता तर पत्र लिहीत बसलो नसतो, मिळेल त्या बसनं आलो असतो. वहिनींना सांगा, भाकर खाल्ली नाही तर दीर तिथं येऊन उपास करायला बसेल.

आपला आज्ञाधारक,
किशोर

*

अकोला
२८ जुलै २०२५

चि. किशोर यास,
अनेक आशीर्वाद. वि. वि.

तू लिहिलंस तसं केलं. मीटर आधी कुलदीपनं धरायला घेतलं. मी त्याच्याकडून परत मागून घेतलं. शून्य कुठलं, काटा सव्वा व्होल्टापर्यंत गेला. दोनदा पाहिलं.

बॅटरी सोडवली आणि बोल्ट खोलला. खाली सगळा हिरवट थर धरलेला, पोपडे सुटलेले. मध्ये मध्ये लालसर डाग आहेत. पट्टीचं टोक खरवडलं तर भुगा पडला. मग मी बाकीचे बोल्ट पाहिले. ते सगळे कालच बसवल्यासारखे चकचकीत आहेत. हा एकटाच असा का? सुभद्रा तेवढ्यात चहा घेऊन आली, वाकून बघायला लागली. मी म्हटलं, कचरा आहे, तू जा. ती कप ठेवून गेली.

आता मला खरं सांग. इथंच त्याचा हात हलगर्जी झाला का? आजारी होता, थकत होता, माणसाकडून होतं. तसं असेल तर तसंच लिही, माझं मन राखू नकोस. मी त्याचा बाप आहे. साहेबांचा शेरा खरा असेल तर तो मला तुझ्याकडून कळावा, परक्याकडून नको.

तुझा,
देवमन

*

अमरावती
३ ऑगस्ट २०२५

ती. भाऊंचे चरणी,
शि. सा. न. वि. वि.

भाऊ, पहिल्यांदा हे वाचा: अमोलचं काम कच्चं नव्हतं. त्यानं जोडलेली एकही वायर चुकलेली नाही. हे मी मन राखायला लिहीत नाही.

आता जे लिहितो ते लिहायला मला दोन दिवस लागले. तो लाल रंग कुंकवाचा आहे. दर दसऱ्याला वहिनी शस्त्रपूजेत विमानाची पूजा करतात. टिळा वरच्या पत्र्याला नको, यंत्राला लागला पाहिजे, असा त्यांचा आग्रह असतो, म्हणून अमोल इंजिनावरचं झाकण काढून द्यायचा. मग हळदकुंकू वाहायचं, समोर नारळ फोडायचा आणि त्याचं पाणी इंजिनावर शिंपडायचं. ते पाणी ओघळून नेमकं त्या बोल्टाशी जातं. नारळाच्या पाण्यात क्षार असतो, साखर असते. तांबं आणि पत्रा एकत्र आले की असं पाणी त्यांना खाऊन टाकतं.

एक गोष्ट मात्र मला अजून उमगलेली नाही. पूजा तर दरवर्षीच होते, मग बिघाड यंदाच का व्हावा? कदाचित हळूहळू होत आलं असेल.

बोल्ट आणि पत्र्याची जागा पॉलिश पेपरनं लख्ख घासा, पट्टीचं टोक कुलदीपकडून नवीन बसवून घ्या, घट्ट आवळा आणि वरून व्हॅसलीनचा थर द्या. मीटर पुन्हा लावून बघा. साहेबांना पाणी गेलं होतं एवढं सांगितलं तरी पुरे. ते खोटं नाही.

वहिनींना यातलं काही कळू देऊ नका. पोराचं नाव धुऊन निघावं म्हणून आईच्या माथी डाग लावायचा नाही. आधीच ती बाई कशीबशी उभी आहे. तुमचा राग आवाजात उतरतो आणि आवाज तुमचा तुम्हाला ऐकू येत नाही, म्हणून जपून.

आपला,
किशोर

*

अकोला
१२ सप्टेंबर २०२५

किशोरभाऊजींना,
सुभद्राचा नमस्कार.

मले पत्र लिहायची सवय नाही. बोलते तशीच लिहून राहिली, समजून घ्या. आशाची अन् तुमच्या गुडघ्याची खुशाली कळवा.

साहेब येऊन गेले. दिवे लावले, रेडिओ लावला, इंजिन लय वेळ चालवून पाह्यलं. काटे जागचे हलले नाहीत. त्यायनं पहिला शेरा खोडला अन् वायरिंगचं काम चांगलं हाय असं लिहून सही केली. तुमच्या भावानं तो कागद देवाजवळ ठेवला. कुलदीप म्हणे की दसरा झाला की विमान वर नेतो.

साहेबांनी इचारलं का बोल्ट कायनं खराब झाला. तर ह्यायनं सांगतलं की मीच शेड धुऊन राहिलो होतो, माह्याच हातानं पाइपचं पाणी उडालं. ऐकू येत नाही म्हणून मोठ्यानं बोलतात, साऱ्या शेडात आवाज गेला. साहेब त्याइच्यावर चिडले, म्हणे एवढी समज नाही का. हे खाली मान घालून उभे राहिले. जन्मात कोणाचं ऐकून न घेतलेला माणूस. मी तिथंच चहा घेऊन उभी होती.

भाऊजी, ज्या दिवशी तो बोल्ट खोलला, त्याच दिवशी मी वाकून पाह्यलं होतं. आपल्या हाताचं कुंकू बाईले ओळखू येत नाही का? तुमीच ह्याइले खरं काय ते लिहलं असन, अन् मले सांगू नका म्हणूनही लिहलं असन. तुमी दोघं भाऊ सारखेच.

त्या दिवसापासून एकच गोष्ट डोक्यात फिरून राहिली होती. मी तर दरवर्षी पूजा करत होती, मंग आताच काहून? इचार करता करता मले समजलं. दरवर्षी नारळ फोडला की अमोल मले म्हणे, आई, तू चहा ठेव, मी आलोच. मी आत जाऊन चहा ठेवो, तो निवून जाये, तरी याचा पत्ता नसे. मी रागावो. मंग तो हसत हसत येये, अन् त्याच्या नखाइत लाल लाल राहे. मले वाटे, यंत्र दिसलं का याले आई दिसत नाही. तो माह्या मागून पुसून घेत होता, भाऊजी. दरवर्षी. पण आई, पाणी शिंपडू नको, असं एकदाही म्हणाला नाही.

मागच्या दसऱ्याले तो नागपूरले दवाखान्यात होता. मी फक्त पूजेसाठी बसनं घरी आली. कुलदीपनं झाकण काढून देल्लं. त्या वर्षी मी नारळाचा थेंबही बाजूले ठेवला नाही, सारं पाणी शिंपडलं, म्हटलं देवा, त्याचं यंत्र चालू दे अन् त्याले बरं कर. अन् शेड लावून त्याच बसच्या वाटेनं परत गेली. त्यानं पडल्या पडल्या इचारलं का पूजा झाली. मी म्हटलं, मन भरून केली. तो हसला अन् माहा हात धरून ठेवला. त्याले तवाच समजलं असन. तरी काही बोलला नाही. माह्या लेकराले जाता जाता माहंच मन राखा लागलं, हे आता सहन होत नाही. कोणाले सांगू, म्हणून तुमाले लिहलं.

मले माहीत हाय हे ह्याइले कळू देऊ नका. मले वाचवलं असं त्याइले वाटते, तर वाटू द्या.

यंदा दसऱ्याले आशाले घेऊन या. गुडघ्याले त्रास झाला तर टॅक्सी करा, पण या. मी पूजा करीन, नारळही फोडीन अन् पाणीही शिंपडीन, त्यानं ते कधी थांबवलं नाही. मंग तुमी मले चहा ठेवायले आत पाठवा, अन् मागून पुसून घ्या.

माया हाय तशी राहू द्या.

तुमची वहिनी,
सुभद्रा