गळकी दाढ आणि गुरुवारची बैठक

तीर्थस्वरूप आण्णा,

धाकट्या भावाचा, रुद्रप्पाचा, शरणु शरणार्थी नमस्कार. वैनींचे गुडघे कसे आहेत, म्हैस व्याली का, कळवावे. इकडे माग चालू आहेत, टॉवेल निघत आहेत. माझी डावी दाढ सोडली तर सगळं ठीक होतं.

दाढेचं असं झालं. गेल्या वर्षी ती भरून घेतली होती, ते दाताच्या रंगाचं सिमेंट घालून. त्या डॉक्टरनं सगळा गोळा एकदमच दाबला. (मी त्या वेळी त्यांना मागाची रचना समजावून सांगत होतो, त्यामुळे तोंड थोडं ओलं झालं असेल.) वर्षाच्या आत कडेनं फट पडली. थंड पाणी प्यालो की कळ मस्तकात जायची, आणि शेंगाचटणी तर त्या फटीत मुक्कामालाच राहिली.

त्यातच आपल्या महेश्वरीला कुंभारीचं स्थळ आलं. मुलगा मल्लेश, दातांचा डॉक्टर. आधीची दोन स्थळं माझ्या तोंडामुळे गेली, हे तुम्ही जाणताच. (पहिल्या वेळी मुलाच्या वडिलांच्या खांद्यावरच्या टॉवेलचं सूत कच्चं आहे म्हणालो. होतंच ते. दुसऱ्या वेळी नवरदेवाचं खरं वय बोटांवर मोजून दाखवलं.) पोरगी दोन दिवस जेवली नाही. ते मला लई लागलं. म्हणून ठरवलं, या वेळी बैठकीआधीच गुपचूप जाऊन पोराची परीक्षा घ्यायची. दवाखान्यात नाव तुमचं सांगितलं, सिद्धाप्पा. राग मानू नये, ऐनवेळी दुसरं सुचलं नाही.

पंचवीस प्रश्न कागदावर लिहून नेले होते. पण पोरानं खुर्चीत बसवलं आणि लाळ आत जाऊ नये म्हणून दाढेभोवती रबराचा पातळ पडदा चढवला. तासभर तोंड उघडं आणि शब्द एक नाही. तो मात्र सांगत होता, की हे सिमेंट निळ्या उजेडानं कडक होताना आटतं, एकदम भरलं तर कडेला फट राहते. म्हणून दाढ कोरडी ठेवायची, पातळ पातळ थर भरायचे आणि प्रत्येक थराला उजेड दाखवायचा. आण्णा, आटणं! तीस वर्षं मी टॉवेलांचं आटणंच बघतोय की. जगात मला येतो तो एकच विषय निघाला, आणि माझ्या तोंडात रबर. डोळ्यांत पाणी आलं. त्याला वाटलं दुखतंय, तो थांबला.

रबर निघाल्यावर मी पहिला प्रश्न विचारणार, तोच तो म्हणाला, "फाईलला खोटं नाव नको, मामा. उद्या भरलेलं गळालं, तर मी बोलवू कुणाला?" (महेश्वरीचा फोटो त्यानं पाहिला होता. नाक माझंच आहे.) कागद खिशातच राहिला. घरी येऊन थंड पाणी प्यालो, कळ नाही. पोरगा पसंत आहे.

तुमचा,
रुद्रप्पा

ता. क. बैठक गुरुवारी अकरा वाजता, दवाखान्याच्या बाहेरच्या खोलीत ठेवली आहे. त्याच वेळी माझी उजवी दाढ भरायची असल्यामुळे मी आत रबर लावून असेन. तरी माझ्या वतीनं तुम्ही येऊन बोलावं. टॉवेलाचा विषय काढू नये.

आणखी एक. उजव्या दाढेला काही झालेलं नाही. नुसतं रबर लावून बसव, असं मल्लेशला मीच विनवलं. घरात कुणाला माहीत नाही. काल महेश्वरीनं जवळ बसून विचारलं, "लई दुखतंय का, आप्पा?" मी व्हय म्हणालो.