भिंगांच्या धड्यातला कापलेला तुकडा

प्रिय कुंदाताई,

तुम्हाला जाऊन दोन महिने झाले आणि पत्र आज लिहितेय, कारण आज एका पोरीनं मला पकडलं.

दहावीच्या सराव परीक्षेला मंगल आली नव्हती, म्हणून सकाळी लोहगडवाडीला गेले. तिच्या आईच्या टपरीजवळ पोचते, तो तुमचा आवाज! भज्यांच्या कढईमागं मोबाइल टांगलेला, त्यावर आपल्या शाळेचा डिजिटल रेडिओ चालू, आणि तुम्ही विचारताय, "भिंग कागदापासून जरा लांब न्या. आता काय दिसतंय?" तोच आवाज, घसा खाकरायची सवयही तीच. गेलेलं माणूस असं भर उन्हात बोलतं का हो?

आठवतं ना, मी किती हसले होते? शनिवारी निम्मी पोरं गडाखालच्या टपऱ्यांवर, वर्ग ओस. तुम्ही म्हणालात, धडे रेडिओवर लावू, भजी तळता तळता ऐकतील. मी म्हटलं, "रेडिओवर प्रकाशाचा धडा? दिसणार काय, डोंबल?" तर तुम्ही म्हणालात, "अगं, पोरांच्या घरी पेला आहे, पाणी आहे, पेन्सिल आहे. मी सांगेन, ती करतील." आणि केलं की त्यांनी!

प्रश्न विचारला की तुम्ही गप्प बसायचात. मनात दहा आकडे मोजायचात. तिकडं पोरं मोठ्यानं उत्तर द्यायची, त्यांना वेळ नको का? पहिल्या धड्याच्या रेकॉर्डिंगमधनं मी शहाणपणा करून त्या गप्प जागा कापल्या, तर केवढ्या भडकलात! "उत्तराची जागा कापलीस तर राहिलं काय? माझी बडबड?" त्यानंतर मी तिथं कधी कात्री लावली नाही. एकदा सोडून.

मंगलनं नेमकं तेच पकडलं. झारा हातात तसाच धरून म्हणाली, "बाई, कुंदाबाईंनी इचारलं की थांबत्यात. हितं थांबल्याच न्हाईत. तुमी ह्यातनं कायतरी काढलंय का?"

"रेंज गेली असेल," मी म्हटलं.

"न्हाई बाई. मी तीनदा ऐकलाय."

परीक्षेचं विचारायचं राहूनच गेलं. मी चढ उतरून खाली आले, ते तुमचा आवाज ऐकू येईनासा होईपर्यंत थांबले नाही.

त्या दिवशी बाहेरचा आवाज येऊ नये म्हणून प्रयोगशाळेच्या खिडक्यांना गोधड्या लावून आपण शेवटचा धडा रेकॉर्ड करत होतो. तुम्ही प्रश्न विचारलात, गप्प बसलात, आणि त्या शांततेत हळूच म्हणालात, "वैशू, छातीत कसंतरीच होतंय गं." आणि मी? "पित्त असेल ताई. आटपा ना, माझी लोकल चुकेल." मला बेगडेवाडीला उतरून भाजी घ्यायची होती. भाजी! तुम्ही "बरं" म्हणालात आणि धडा पुरा केलात. संध्याकाळी तुम्ही गेलात.

मी तेवढा तुकडा कापला, दोन्हीकडची वाक्यं जोडली आणि धडा रेडिओवर लावला. पोरांचा अभ्यास राहायला नको, असं स्वतःला सांगत.

तुम्हीही कसल्या हो! "लोकल गेली चुलीत, मला दवाखान्यात ने," म्हणून ओरडायचं होतंत ना! अख्खा वर्ग एका दटावणीत गप्प करणाऱ्या तुम्ही. स्वतःसाठी एकदा आवाज चढवता आला नाही?

दहाव्याला दाजींनी मला बाजूला घेतलं. "वैशाली, शाळेत काय बोलली व्हती का गं ती? दुखतंय-बिखतंय?"

"नाही दाजी," मी म्हटलं. इतक्या पटकन म्हटलं की माझी मलाच भीती वाटली.

तेव्हापासून दाजी येईल त्याला एकच सांगतात, "त्या दिशी सकाळी भात झोडायला मीच तिला नेलं. लय दमली व्हती. मीच मारली तिला." खाचराकडं फिरकतसुद्धा नाहीत. मी दोनदा भेटायला गेले, समोर बसून हे ऐकलं, चहा प्याले आणि परत आले. कशी प्याले असेन तो चहा?

तो तुकडा अजून माझ्याकडं आहे. भांडी घासताना ऐकू येतो, फळ्यावर लिहिताना येतो. खरं सांगू? तुमच्यापेक्षा माझाच आवाज जास्त छळतो. किती वैतागलेला आहे तो! कितीदा पुसायला घेतला, पण त्यात तुम्हीही आहात. पुसवत नाही.

मंगलला उद्या वर्गात सांगणार आहे, की हो, मी कापलंय. पण त्याच्या आधी, शाळा भरायच्या आत, दाजींकडं जातेय. तुकडा मोबाइलमध्ये घेतलाय. त्यांच्यासमोर बसून लावणार आणि सांगणार, "दाजी, ताईंनी सांगितलं होतं. मला सांगितलं होतं. मी गाडीची घाई केली." ते शिव्या देतील, पुन्हा दारात उभं करणार नाहीत. नाही केलं तर नाही. पण ताई, तुम्हाला शब्द देते, उद्यापासून त्या माणसाला तुमच्या मरणाचं खापर आपल्या डोक्यावर घेऊन जगू देणार नाही. ते माझं आहे.

तुम्ही सांगितलंत आणि जिनं ऐकलं नाही, ती
वैशाली