चाळिसाव्या दिवसाचा पाहुणा

२२ सप्टेंबर

कोबी संपता संपत नाही! नेस्तरने सकाळी पोती आणून टाकली आणि वर ऐकवलं, "वहिनी, दादा गेला म्हणून आंबट कोबी बंद नाही हं. आमची पोटं जागेवरच आहेत." सख्खा दीर, पण तोंडाला कुलूप म्हणून नाही. दरवर्षी किसणीवर मेत्रो बसायचा आणि मी मीठ चोळायची. यंदा दोन्ही माझ्याच गळ्यात. डाव्या हाताचं मधलं बोट पात्यावर सरकलं. चांगलंच कापलं. त्यात मीठ! ब्रह्मांड आठवलं.

टोमॅटोचा रसही भरून झाला. आपला वेगळा, सिरकोचा वेगळा. सिरकोच्या बाटल्या तळघरात सगळ्यात खालच्या फळीवर. हे कुत्रं काही सुधारणार नाही. दर पानगळीत पायऱ्यांखाली मांजराएवढा काळा-पांढरा स्कंक घुसणार, हा शहाणा नाक खुपसणार, तो शेपटी उचलून फवारा मारणार आणि मग आमचं सगळं अंगण आठवडाभर घाण मारणार. मेत्रो त्याला टबात दाबून धरायचा आणि मी वरून रस ओतायची. दोघंही लालभडक व्हायचे. ओरिसिया म्हणते, "आई, रसाने वास जात नाही. तुमची नाकं मरतात, एवढंच." लेकीला शहरात पाठवून शिकवलं ना, मग ऐकायचं.

परवा मेत्रोचा चाळिसावा दिवस.

२४ सप्टेंबर

झोपायची वेळ टळून गेली. पण लिहिते.

प्रार्थना झाली, जेवणं झाली. ओरिसियाने भांडी घासली आणि दुपारच्या बसने सास्काटूनला गेली. नेस्तरही गेला. चाळीस दिवस जीव घराभोवती असतो, आज निरोप घेतो. माझ्या आईने तिच्या आईसाठी केलं तसं मीही केलं. मधात शिजवलेल्या गव्हाचा वाडगा बाहेरच्या पायरीवर ठेवला. मेत्रो बूट काढायला बसायचा त्याच पायरीवर. ऑगस्टमध्ये सकाळी तिथेच बसून बूट चढवले आणि शेतावर गेला. ट्रॅक्टरवरच संपला. येतो म्हणाला नाही, काही नाही.

आत जाळीच्या दाराशी उभी होते. लख्ख ऊन. आणि कोठाराकडून स्कंक आला! भर दुपारी, उघड्या अंगणातून, सरळ. एवढ्या वर्षांत मी त्यांना तिन्हीसांजेच्या आधी पाहिलेलं नाही. मागचा पाय ओढत येत होता. कोठारावरून पडल्यापासून मेत्रो ओढायचा, अगदी तसा.

वाडग्याशी आला. तोंड खाली घातलं. खाल्लं नाही. एक दाणा नाही. मग मान वर करून जाळीतून माझ्याकडे पाहत राहिला. मी म्हटलं, "मेत्रो?"

तेवढ्यात सिरको तुटून पडला. मी डोळे मिटले, एप्रन नाकाला लावला — आता फवारा! पण नाही. शेपटी उचललीच नाही. नुसतं एकदा तोंड मारलं. सिरको केकाटत मागे फिरला, नाकावर रक्त. स्कंक आला तसा पाय ओढत निघून गेला.

वास नाही! कुत्रा आणि स्कंक भिडले आणि वास नाही. अंगणात नुसता मधाचा वास. रसाची बाटली हातात घेऊन मी वेड्यासारखी उभी.

२५ सप्टेंबर

आज परत आला. खरं तर काल जायला हवं होतं. जायचं नाहीये का त्याला?

सिरकोला केरसुणीने बडवलं. गोठ्यात साखळीला बांधलं. एवढी वर्षं ज्याच्या ताटातलं खाल्लं त्याच्या अंगावर जातोस? ओढून ओढून त्याचा आवाज बसलाय.

२६ सप्टेंबर

नाही आला. दिवसभर दारातून हलले नाही. कोबी तशीच पडलीय.

२७ सप्टेंबर

सकाळी आला. दहिवर पडलं होतं. हनुवटी ओली, छातीवरचे केस चिकटलेले. मी या वेळी आत थांबले नाही. बाहेर जाऊन पायरीवर बसले. तो दुसऱ्या टोकाला. मधे वाडगा.

बोलले त्याच्याशी. सगळं बोलले. नेस्तरने त्याचा गहू आपल्याआधी काढला. ओरिसिया घर विकून तिच्याकडे ये म्हणते. रात्री पलंगाच्या माझ्याच बाजूला झोपते अजून, तुझ्या बाजूला पाय नेत नाही. तो डोलत होता. हळूहळू, जाग्यावर. ऐकतोय असंच वाटलं.

मग बोट मधात बुडवलं आणि पुढे केलं. डावं. पट्टी कामात कधीच गळून पडली होती. त्याने तोंड लावलं. दात लागले, पण दाबले नाहीत. चाटलं. जीभ कढत होती. लाळ मनगटापर्यंत आली. गोठ्यातून सिरको असा रडत होता की एखादं माणूसच आत कोंडलंय. मी उठले नाही. मेत्रो गेल्यापासून मला कुणी हात लावला नव्हता. पोरीने मिठी मारली ती कोट घालून, बसची वेळ झाली म्हणत. मी रडले. खूप दिवसांनी बरं वाटलं.

२८ सप्टेंबर

पायरीखाली मरून पडला होता. तोंड उघडं, दातांत लाकडाची ढलपी. पायरीचं लाकूड चावलेलं.

मेत्रोच्या निळ्या सदऱ्यात गुंडाळून लायलॅकच्या झुडपाखाली पुरला. मेणबत्ती लावली. एका वर्षात दोनदा विधवा झाले मी.

४ ऑक्टोबर

नेस्तरला सांगायला नको होतं. कॉफी पिता पिता बोलून गेले. सगळं नाही. आला, बसला, मेला, एवढंच. आधी हसला. "दादा काय स्कंक होऊन येणार? तसा वास यायचा म्हणा त्याच्या मोज्यांना!" मग एकदम कप खाली ठेवला.

"उन्हात आला? शेपटी उचलली नाही? पाय ओढत होता? — वहिनी, तो पिसाळलेला होता गं."

मी त्याच्या कपात आणखी कॉफी ओतली.

"सिरकोला चावला?"

"छे."

"नाकावर काय आहे मग त्याच्या?"

"तार लागली कुंपणाची."

चटकन तोंडातून गेलं. वसंतात गावात कुत्र्यांना सुया टोचायला डॉक्टर येतो. दरवर्षी मेत्रो न्यायचा. यंदा पेरणी लांबली आणि राहून गेलं. हे नेस्तरला माहीत आहे. चावला म्हटलं असतं तर त्याने आजच बंदूक काढली असती. आणि दुसरंही एक. ते पिसाळलेलं जनावर असेल, तर त्या सकाळी मी कुणाशी बोलत बसले होते?

१९ ऑक्टोबर

सिरको माझ्याकडे बघत नाही. साखळीला होता तोवर चिडला म्हणून ठीक. सोडल्यावरही येत नाही. गोठ्याच्या भिंतीकडे तोंड करून बसतो. हाक मारली तर कान हलतो, बस.

२२ ऑक्टोबर

माती खातोय. गज चावतोय. पुन्हा बांधला. भाकरी फावड्यावर ठेवून आत सरकवते. भुंकणं त्याचं राहिलेलं नाही. दुसऱ्याच कुणाच्या तरी घशातून येतं.

२३ ऑक्टोबर

नेस्तरला बोलावलं. दारातून एकदाच आत पाहिलं आणि गाडीकडे वळला. बंदूक घेऊन आला. "आत जा, वहिनी." गेले नाही. मेत्रोचं कुत्रं. कुणीतरी आपलं माणूस हवं होतं तिथे. सिरकोने शेवटी माझ्याकडे पाहिलं. ओळख नव्हती त्या डोळ्यांत.

जनावरांचा डॉक्टर आला. डोकं बादलीत घालून घेऊन गेला, तपासायला. जाताना मला विचारलं, "बाई, कुत्रा तुम्हाला चावला? जखमेवर लाळ वगैरे?"

"कुत्र्याची? नाही."

खोटं नाही बोलले. कुत्र्याची नाहीच.

२९ ऑक्टोबर

पिसाळलेलाच निघाला. डॉक्टर स्वतः सांगायला आला. नेस्तरने सिरकोला उचलून गाडीत घातलं होतं, म्हणून आता नेस्तरला सुया. पोटात, रोज. डॉक्टर दोघांना समोर बसवून म्हणाला, "आजार अंगात दिसायच्या आत सुया घेतल्या तर माणूस वाचतो. दिसायला लागल्यावर जगात औषध नाही. शंका असेल तर आत्ताच सांगा." माझ्याकडेच बघत होता.

तो गेल्यावर नेस्तर म्हणाला, "वहिनी, कुत्रा जाऊ दे. त्या स्कंकला तू हात लावलास?"

"फावड्याने पुरला."

"सदऱ्यात गुंडाळून? फावड्याने?"

"हातमोजे होते."

"माझी शपथ घे."

"तुझी कशाला? तू आहेस कोण मोठा!"

"मग त्या तसबिरीवर हात ठेव." कोपऱ्यातल्या देवमातेच्या तसबिरीवर मी उजवा हात ठेवला. डावा एप्रनच्या खिशात होता.

३० ऑक्टोबर

ओरिसियाचा फोन. नेस्तरने तिलाही पेटवलंय. "आई, लाज वाटण्यासारखं काही नाही. घेऊन टाक सुया. सुट्टी काढून येते, हात धरून नेते तुला." "अगं, मला काही झालेलं नाही." "झाल्यावर घ्यायच्या नसतात!" रडायला लागली. बापाच्या वेळी रडली नव्हती एवढी.

सांगणार होते. जिभेवर आलं होतं. पण सुई टोचून घेतली की झालंच ना सिद्ध, की ते जनावर होतं. मग मेत्रो आलाच नाही. मग तो तसाच गेला, बूट चढवून, वळून न बघता. ते मला झेपणार नाही. त्यापेक्षा धोका परवडला. म्हटलं, "ठेव आता फोन, बिल वाढतंय."

८ नोव्हेंबर

बर्फ. नेस्तर शर्ट वर करून पोट दाखवून गेला. जांभळं पडलंय. "दादाच्या कुत्र्याने मेल्यावरही फाडलंच मला!" हसले. मग एकटीने दार लावून घेतलं.

१७ नोव्हेंबर

बोट भरून आलंय. व्रण शोधावा लागतो. बघा! काही नसतंच.

२१ नोव्हेंबर

लायलॅकखाली गेले होते. बर्फ सगळीकडे सपाट, तिथेही सपाट. बोलायला गेले तर काही सुचेना. त्या सकाळी केवढी बोलले होते.

३० नोव्हेंबर

वास येतोय. स्कंकचा! इतक्या उशिरा, बर्फात, घरात. आधी स्वयंपाकघरात, मग जिन्यात, आता पलंगाशी. मेत्रोच्या बाजूला जास्त. उशा बाहेर टाकल्या, तरी येतोच. नेस्तरला बोलावलं. कुत्र्यासारखा सगळीकडे हुंगत फिरला. "काही नाही गं वहिनी. लोणी आणि कोबी, बास." माझ्याकडे जरा वेळ बघत राहिला. "बरी आहेस ना?" म्हटलं, झोप होत नाही.

मला भीती वाटली नाही. उलट आनंद झाला. म्हटलं, आलास.

५ डिसेंबर

कपाळ तापलंय. खिडकीचा पडदा ओढून ठेवलाय, बर्फाचा उजेड सहन होत नाही. घसा आवळतो. सर्दी असणार. पायऱ्या झाडल्या ना परवा, तेव्हाच.

९ डिसेंबर

सकाळपासून डाव्या हाताला मुंग्या. बोटापासून खांद्यापर्यंत. मेत्रोनेच हात धरलाय, असं स्वतःला सांगून पाहिलं. डोळे मिटून बराच वेळ सांगितलं. पण खरं लिहायचं तर मेत्रोने उभ्या जन्मात माझा हात कधी धरला नव्हता. पाण्याचा पेला भरून समोर ठेवलाय. त्याच्याकडे बघवत नाही. ओरिसियाला फोन लावते.