जिभेखालची गोळी

प्रदीपदादा, जय भीम.

हेरॉइन सुटावं म्हणून तू रोज सकाळी जिभेखाली गोळी ठेवतोस. ती विरघळेपर्यंत आई दहा मिनिटं तुझ्याकडे एकटक बघते. घरातली पहिली पदवी मी आणली, तेव्हाही तिने माझ्याकडे इतका वेळ पाहिलं नव्हतं.

गेल्या आठवड्यात एक दिवस मी गोळी मुद्दाम लपवली. संध्याकाळपर्यंत तुझ्या डोळ्यांतून पाणी गळायला लागलं, अंगावर काटा आला. व्यसन हा आजार आहे, असं गल्लीभर सांगणारी मीच!

"गोळी कुटं हाय रं? इकलीस व्हय?" आईने सकाळीच विचारलं होतं.

"हरवली की, आये," तू म्हणालास. मी ती लपवताना तू पाहिलं होतंस.

आता ती तुला तोंड उघडून दाखवायला लावते. तुझ्यावरचा तिचा विश्वास मी घालवला. तरी ती आता वीस मिनिटं तुझ्याकडे बघते, याचाच मला हेवा वाटतो.

हे तुझ्या हातात द्यायची हिंमत नसलेली,
धम्मप्रिया