रबरी शिक्क्यांचा कारखाना

१२ ऑक्टोबर १९४८, दसरा
आजपासून अर्जनविशी बंद. पंधरा वर्षं कचेरीसमोरच्या लिंबाखाली बसून लोकांचे अर्ज उर्दूत लिहिले. आता निजामाचं राज्य गेलं. उर्दू जाणार, म्हणजे कचेरीतले, दुकानांतले सगळे उर्दू शिक्केही जाणार. प्रत्येकाला मराठी शिक्का लागणार. अख्ख्या धाराशिवात हे एकट्या माझ्या लक्षात आलंय. उद्यापासून रबरी शिक्क्यांचा कारखाना. जागा : आमची पडवी.
लिंबाखालची बैठक अण्णाराव अर्जनविसाला देऊन टाकली. तो म्हणाला, शांतलिंग, मराठी अर्जही कुणीतरी लिहायला लागणारच की. मी नुसता हसलो. सगळ्यांना लांबचं दिसत नाही.

१३ ऑक्टोबर
शिवगंगा म्हणाली, सोलापूरला आमचे अप्पा छापखान्यात कंपोझिटर हैत, त्यांना विचारून घ्या. सासऱ्याकडून धंदा शिकणं मला पसंत नाही. शिवाय सोलापुरात एका शिक्केवाल्याचं काम मी अर्धा तास उभं राहून पाहिलेलं आहे. अक्षरांवर प्लास्टर दाबायचं, साचा होतो. साच्यावर रबर ठेवून तापवत दाबायचं, शिक्का होतो. लाकडी दांड्याला चिकटवायचा. झालं.

१५ ऑक्टोबर
पहिली ऑर्डर! तेरचे भुसार व्यापारी बंडप्पा. पाडव्याला नवं दुकान उघडतायत, पहिल्याच पावतीवर नवा शिक्का हवाय. मजकूर : ‘बंडप्पा आणि मंडळी, तेर’. मी म्हटलं, चार दिवसांत देतो. ते म्हणाले, पाडव्यापर्यंत द्या, पण द्या. मुहूर्ताचं काम हाय.

१७ ऑक्टोबर
रबर म्हणून सायकलची जुनी ट्यूब तव्यात टाकली. वितळली नाही. धूर मात्र असा झाला की शेजारच्या गिरिजाबाई पाण्याची घागर घेऊन धावत आल्या. तवा गेला. भाकरीचा होता.
शिवगंगा म्हणाली, एकदा पक्कं झालेलं रबर पुन्हा मऊ होत न्हाय. गंधक घातलेलं कच्चं रबर आणावं लागतं. अप्पा सांगायचे म्हणे. तिनं त्यांना पत्र टाकलं. मीही हेच सुचवणार होतो.

२० ऑक्टोबर
रबर येईपर्यंत शाई. कचेरीतल्या पितळी मोहरांना काजळी आणि जवसाच्या तेलाची शाई चालायची, तीच घोटली. हात कोपरापर्यंत काळे. शिवगंगेचं म्हणणं, रबराला तेलाची शाई न्हाय चालत. जांभळी पूड, ग्लिसरीन आणि थोडं स्पिरिट लागतं. मी म्हटलं, काळ्या रंगात वजन असतं.

२३ ऑक्टोबर
सोलापूरहून पार्सल आलं. रबर शिवगंगेनं काढून दिलं. सागाच्या फळीवर अक्षरं मी स्वतः कोरली. सुरेख. लांबूनही वाचता येतात. प्लास्टरचा साचा घेतला, वाळवला. शेगडीवर लोखंडी पत्रा, त्यावर साचा, साच्यावर रबर, रबरावर दुसरा पत्रा, वर जात्याचा दगड. अशी मशीन निजामाच्या टांकसाळीतही नसेल.

२५ ऑक्टोबर
शिक्का उमटवला. सगळं उलटं. उर्दू उजवीकडून वाचतात, त्या सवयीनं झालं असावं. शिवगंगेनं कागद आरशासमोर धरला, तिथं स्वच्छ वाचता आलं. पावतीबरोबर गिऱ्हाइकाला आरसा देणं बंडप्पांना परवडेल का, हा विचार पाच मिनिटं केला.
छापखान्यातले खिळे, म्हणजे शिशाची अक्षरं, उलटेच असतात, असं ती म्हणाली. उलटं कोरायचं, मग सुलट उमटतं.

२७ ऑक्टोबर
उलटं कोरलं. पण घाईत फक्त ओळ उलटी झाली. आता क्रम बरोबर, पण एकेक अक्षर तोंड फिरवून बसलंय. प्रगती आहे.

२९ ऑक्टोबर
सकाळी फत्ते! शिक्का सुलट आला. कडक उमटावा म्हणून दिवसभर माझ्या शाईच्या गादीवर टेकवून ठेवला. संध्याकाळी पाहतो तर रबर तेल पिऊन फुगलेलं. ‘मंडळी’ एकमेकांत मिसळून गेली होती. रबर निकृष्ट असावं.

३१ ऑक्टोबर
बंडप्पांचा निरोप आला : शिक्का झाला का? परवा पाडवा.
सकाळी सहज लिंबाकडे गेलो. अण्णारावाभोवती पंधरा माणसं. मराठी अर्ज लिहून घेत होती. बसतोस का, असं त्यानं विचारलं, पण जागा कुठं होती? घरी येऊन आडवा झालो. पंधरा वर्षं लोक न वाचता माझ्या लिखाणाखाली अंगठा द्यायचे. आता चार शब्द धड उमटत नाहीत. मी शिवगंगेला म्हटलं, माझ्यानं होत नाही. हे मी मोठ्यानं म्हटलं, याचं मलाच नवल वाटलं.
ती उठली. फडताळातून पुडकं काढलं. आत शिशाचे खिळे, जांभळी पूड, ग्लिसरीनची बाटली. पार्सलातच आलं होतं. मला का नाही सांगितलंस, विचारलं. म्हणाली, “तुम्ही इचारलं कुठं?”
तिनं खिळे जुळवले, साचा चिकटू नये म्हणून तेलाचा हात फिरवला, प्लास्टर दाबलं. मी देखरेख केली. म्हणजे शेगडी फुंकली.

२ नोव्हेंबर, पाडवा
सकाळच्या मोटारीनं तेरला गेलो. बंडप्पांनी पूजा केली, पहिल्या पावतीवर शिक्का मारला. जांभळा, ठसठशीत, काना-मात्रेसकट. सगळी मंडळी वाकून बघायला लागली. बंडप्पांनी विचारलं, कुठं बनवला? ‘आमच्या कारखान्यात’ म्हणायला मी तोंड उघडलं होतं. त्यांनी जांभळा ठसा पाहिला, माझे काळेकुट्ट हात पाहिले आणि म्हणाले, “वहिनींनी केला व्हय?”
मी होय म्हणून मान हलवली. जरा वेळानं, पण हलवली.

१० नोव्हेंबर
सहा ऑर्डरी. ढोकीहूनही दोघं आले. दारात उभं राहून विचारतात, बाई हैत का? मी आत जाऊन सांगतो.
शिवगंगेनं मला दांडे घासायला दिलेत. आज चार घासले. त्यातले तीन पुन्हा घासायचे आहेत.