न उसवलेली घडी

मंगळवार, ६ मार्च

प्रिय ताई,

नमस्कार. भाओजींची कंबर आता कशी आहे? इकडे सगळं ठीक. तुझे इतके फोन आले, मी एकही उचलला नाही. कामाचा डोंगर आहे, असं समज.

काम खरंच आहे. संग्रहालयात एका लहान मुलाचा सदरा दुरुस्तीला आलाय, कित्येक शतकांपूर्वीचा. लिननचं कापड, गळ्याभोवती रेशमानं भरलेली अरबी अक्षरं आणि तिथून खाली उतरणारे निळे पट्टे. जुनी लिपी वाचणारे एक काका आहेत संग्रहालयात, त्यांनी भिंग लावून वाचलं, ‘घालणाऱ्याला सुख आणि दीर्घ आयुष्य.’ मग हसून म्हणाले, “काही अक्षरं उलटी पडलीत. भरणारीला वाचता येत नसणार. पण टाका बघ कसा सुरेख!”

सदऱ्याच्या कमरेशी आडवी घडी शिवलेली आहे. पोर वाढलं की उसवायची, आई आपल्या फ्रॉकना ठेवायची ना, तशी. आमच्या मोठ्या बाई म्हणाल्या, “उसव. आत रेशमाचा मूळ रंग सापडेल.”

मी कात्री घेतली आणि हातच चालेना.

“काय गं?”

“बाई, ही घडी कुणी उसवलीच नाही. म्हणजे ते पोर वाढलंच नाही.”

“किंवा आईनं नवा सदरा शिवला. तुला काय माहीत?” बाई म्हणाल्या. मग माझ्याकडे नीट बघत त्यांनी खुर्ची ओढली. “सदऱ्याचं राहू दे. तुझं काय झालंय?”

मी सांगितलं. ह्यांच्याशिवाय पहिल्यांदाच कुणाला तरी. बाईंनी उपदेश केला नाही. घडी उसवायची नाही, असं ठरलं. तिच्या तोंडाशी बारीक दिवा धरून आम्ही दोघींनी आत बघितलं. निळा इतका ताजा, जणू कालच भरलाय. आता सदरा घडीसकटच मांडणार आहेत.

ताई, तू फोनवर आधी विचारतेस, “बाळ लाथा मारतंय का?” म्हणून उचलत नव्हते. गेल्या महिन्यात सगळं संपलं. ह्यांना धड रडताही येत नाही, घासलेली भांडी पुन्हा घासत बसतात.

आईला तू सांग. ‘होईल पुढच्या वेळी’ हे तिच्या तोंडून मला ऐकवणार नाही. आणि तू ये. धीर देऊ नकोस, नुसती शेजारी बस.

मुलगी होती गं.

तुझी,
धाकटी