सगळ्यात वरचा गट

शेठ, तुम्ही गेलात तेव्हा मी तुमच्याशी बोलत नव्हते, आणि आता बोलायचं म्हटलं तर हा कागदच उरलाय. वजन उचलायच्या शिबिरातल्या बाकीच्या मुली आपापल्या प्रशिक्षकाला सर म्हणायच्या. मी तुम्हाला शेवटपर्यंत शेठच म्हणाले, कारण पहिल्यांदा पाहिलं ते मंचरच्या तुमच्या सिमेंट-पत्र्याच्या दुकानात, गल्ल्यावर. आम्ही लोणीहून ट्रॅक्टर घेऊन सिमेंट न्यायला आलो होतो. हमाल जेवायला गेलेले, म्हणून वडिलांनी मलाच पोती चढवायला सांगितली. मी दहावीत होते आणि वर्गातल्या कुठल्याही दोन मुलींएवढं माझं वजन होतं. पोतं पाठीवर न घेता पोटाशी धरून मी सरळ ट्रॉलीत ठेवत होते. तुम्ही चष्मा कपाळावर सरकवून बघत राहिलात. वडील लाजून म्हणाले, "काय करावं शेठ, वाढतीच आहे नुसती." तुम्ही म्हणालात, "वाढू द्या की. हिला रोज सकाळी माझ्याकडं धाडा."

दुकानामागचं गोदाम गावात फार कुणाला माहीत नव्हतं. तरुणपणी पुण्यात तुम्ही सगळ्यात हलक्या गटात वजन उचलायचात. तुमच्या वडिलांनी बोलावून घेतलं, दुकानात बसवलं, पण बार आणि प्लेटी तुम्ही सोबत आणल्या होत्या. तिथं दोन-चार पोरं यायची, त्यांत मी एकटी मुलगी. पहिल्या आठवड्यात मला बारला हातसुद्धा लावू दिला नाहीत. मी पोट आत घेऊन, खांदे पाडून, ओढणी चहूकडून ओढून उभी राहायचे. एक दिवस तुम्ही सगळ्यांदेखत ओरडलात, "सरळ उभी राहा. एवढं अंग लपवायला दिलेलं न्हाई. ज्याला लपायचंय त्यानं घरी बसावं." मी रडले. पण दुसऱ्या दिवशी ओढणी घरी ठेवून आले.

मग तुम्ही ती कॅसेट आणलीत. पुण्याहून कुणाकडून तरी मिळवलेली, पट्ट्या-पट्ट्या दिसणारी. त्यात आर्मेनियाचा एक पैलवानासारखा माणूस होता, सगळ्यात वरच्या गटातला. पोट सुटलेलं, मान जवळजवळ नाहीच. आर्मेनिया कुठं आलं ते तुम्हालाही सांगता येईना. तो बारजवळ येतो, डोळे मिटतो, आणि जे उचलतो ते उचलल्यावर त्याची मांडी थरथरत राहते. लोक उभे राहून टाळ्या वाजवतात. तुम्ही त्याचे पाय कसे पडतात ते मला दाखवत होतात आणि मी फक्त त्याचं पोट बघत होते. असल्या अंगासाठी कुणी उभं राहतं हे मला तोवर माहीत नव्हतं. पुढं पेपरात त्याच्याबद्दल चार ओळी आल्या तरी तुम्ही वाचून दाखवायचात. एका मोठ्या स्पर्धेत तो मिळालेल्या तिन्ही प्रयत्नांत चुकला, त्या दिवशी तुम्ही गिऱ्हाइकांशीही धड बोलला नाहीत.

माझ्या कमरेला बाजारचा पट्टा पुरेना, म्हणून तुम्ही चांभाराकडून रुंद कातडी पट्टा शिवून घेतलात. तुम्ही जैन, कातड्याला हात लावायला नको म्हणून तो रुमालात धरून आणला होतात. सकाळचा सराव झाला की तुमच्या घरी काकूंच्या स्वयंपाकघरात मला पाटावर बसवायचात. कांदा नाही, लसूण नाही, पण बाजरीच्या भाकरीवर तूप असं की बोटं भाकरीत बुडायची. काकू वाढत राहायच्या, पोट भरलं का असं कधी विचारायच्या नाहीत. राज्य स्पर्धेच्या आधी कुणी तरी तुम्हाला सांगितलं की नुसत्या दूध-तुपावर हे जमायचं नाही.  तिसऱ्या दिवशी खिळ्यांच्या कागदी पिशवीतून उकडलेली अंडी आणलीत, एसटी स्टँडवरच्या गाडीवरून. गोदामाच्या दाराकडं तोंड करून उभे राहिलात आणि म्हणालात, "खा पटकन. मी बघत न्हाई." घरात कुणाला कळू नये अशी तुमची समजूत. पुढच्याच आठवड्यात काकूंनी माझ्या हातात कागदाची एक पुडी ठेवली. आत मीठ होतं आणि मिरपूड. 

जिल्हा झाला, राज्य झालं, मग राष्ट्रीय स्पर्धेत मी पहिली आले. लोणीत ज्या ट्रॅक्टरनं सिमेंट नेलं होतं त्याच्यावर बसवून मला मिरवलं. गुलालानं तुमची पांढरी टोपी लाल झाली होती. वडील सगळ्यांना सांगत होते, "माझी हाये. माझी थोरली."

त्यानंतर उत्तरेकडचं शिबिर. तिथं सगळ्या भारी होत्या, सगळ्या भुकेल्या, सगळ्यांना परदेशात जायचं होतं. दुसऱ्या महिन्यापासून एक डॉक्टर सुई द्यायला लागला. ताकदीचं आहे म्हणायचा. विचारलं की हसायचा. माझी पाळी बंद झाली, हनुवटीवर केस आले. मी कोपऱ्यावरच्या एसटीडी बूथवरून दुकानात फोन लावला. हातोड्यांचे आवाज येत होते, कुणी तरी पत्रा कापत होतं. मी म्हणाले, "शेठ, इथं सुई देतात. मला बरं वाटत न्हाई."  तुम्ही म्हणालात, "ती मोठी माणसं हायेत. त्यांना आपल्यापेक्षा जास्त कळतं. सांगतील तसं कर." मी तसं केलं. तुम्ही सांगितलेलं मी कधी मोडलं नव्हतं.

त्या वर्षीच्या मोठ्या स्पर्धेत मी जे वजन उचललं ते आपल्या गोदामात कुणी स्वप्नातही पाहिलं नसेल. पुढं तपासणी झाली, अंगात नको ते औषध निघालं, बंदी आली. डॉक्टर म्हणाला, मुलींनी बाहेरून काहीबाही घेतलं असेल. पेपरात माझा फोटो छापला, त्याचा नाही. अवसरीचं एक स्थळ जवळपास ठरलं होतं, त्यांनी निरोप धाडला की पोराला शिकायचंय.

तुम्ही लोणीला आलात ती दुपार मला नीट आठवते. ओसरीवर वडील आणि तुम्ही. वडील म्हणाले, "शेठ, पोरगी तुमच्या हवाली केली व्हती." तुम्ही म्हणालात, "मी इचारायला पायजे व्हतं. डॉक्टरला इचारायला पायजे व्हतं, काय देताय म्हणून. मला भुरळ पडली." मी दारात येऊन उभी राहिले. तुम्ही म्हणालात, "बरी हायेस का?" मी फक्त "बरी हाये" एवढंच म्हणाले. सुईनं जाड, पुरुषी झालेला माझा आवाज तुम्ही पहिल्यांदाच समोरासमोर ऐकत होतात. तुमचा चेहरा पडला तो मी पाहिला, आणि मला बरं वाटलं. तुम्ही उठलात, चहा तसाच राहिला.

नंतर कळलं की तुम्ही बार-प्लेटी भंगारात दिल्या. आणि एक दिवस मंचरच्या बाजारातून आलेल्या चुलतभावानं सांगितलं, शेठ गेले, गल्ल्यावर बसल्या बसल्याच.

दहा-बारा दिवसांनी मी काकूंना भेटायला गेले. त्यांनी मला पूर्वीसारखंच पाटावर बसवलं. भाकरी वाढली, तूप वाढलं. मग म्हणाल्या, "लोणीहून आले त्या दिवसापासनं त्यांनी तूप सोडलं. ते व्रत मेल्यावरच सुटलं. मी लई इचारलं, कशापायी? तर म्हणाले, पोरीला लई घातलं." मी त्या घरात पहिल्यांदाच ताटात टाकून उठले.

आता मी अवसरीला मुलींच्या वसतिगृहावर आहे. फोन उचलला की पालक मला साहेब म्हणतात, मी दुरुस्त करत नाही. लग्न झालं नाही. गुडघे गेलेत. गेल्या महिन्यात डिंभ्याकडची एक मुलगी आईला घेऊन आली. मुलगी दाराएवढी, खांदे पाडून उभी. आई म्हणाली, "बाई, तुमी उचलत व्हता म्हनं. हिला शिकवाल का?" मी नाही म्हणाले. मग त्या जिना उतरेपर्यंत खिडकीत उभी राहिले आणि वरूनच हाक मारली की उद्या सकाळी ये. पहिल्याच दिवशी तिच्या आईला सांगितलं, हिला कुणी काही टोचायला आलं तर आधी मला विचारायचं, मी कुठंही असले तरी. हे वाक्य तुमच्या तोंडून ऐकायची माझी फार इच्छा होती.

हे पत्र कुठं धाडायचं नाही. काकूही आता नाहीत. लोक विचारतात तेव्हा मी सांगते की शेठना मी केव्हाच माफ केलं. केलेलं नाही. आणि कुणालाच न सांगितलेलं आणखी एक आहे. ते शेवटचं वजन सुईनं उचललं असं मीच सगळ्यांना म्हणत आले. पण बार डोक्यावर होता, माझी मांडी थरथरत होती आणि लोक उभे राहिले होते, तेव्हा तिथं दुसरं कुणी नव्हतं. ते मी उचललं होतं, शेठ.